सरासरे

सरासऱ्यांची आणि तुमची ओळख करून देणं ही तशी औपचारिकताच आहे. सोसायटीच्या जिन्याखालच्या फलकावर ते तुम्हाला अधूनमधून भेटतच असतात. पूर्वी तिथे सेक्रेटरींच्या हातची चिठ्ठी लागायची : 'उद्या टाकी धुणार. दुपारी दोनपर्यंत पाणी नाही. बादल्या भरून ठेवाव्यात.' आता त्याच जागी दीड पान असतं. 'प्रिय सभासद बंधू-भगिनींनो, पाणी हे जीवन आहे. स्वच्छ, सुरक्षित आणि आरोग्यदायी पाणी ही काळाची गरज आहे,' अशी सुरुवात होते. टाकी येते तिसऱ्या परिच्छेदात, वेळ चौथ्यात. तिथवर न पोहोचलेला सभासद दुसऱ्या दिवशी अंगाला साबण लावून कोरड्या नळाकडे बघत उभा असतो. सही सेक्रेटरींची, मजकूर सरासऱ्यांचा.

हे नाव आमच्या संपादकीय खोलीत पडलं. संगणकाकडून लिहून घेतलेल्या मजकुराचा चेहरा लेखाखाली कुणाचंही नाव असलं तरी तोच निघतो, तेव्हा त्या चेहऱ्याला हाक मारायला काहीतरी हवं होतं. जन्मतारीख ३० नोव्हेंबर २०२२ धरायला हरकत नाही, कारण त्या दिवशी चॅटजीपीटी सर्वांसाठी खुलं झालं. घराणं त्याआधीचं, पण दारोदार फिरायला लागले ते तेव्हापासून.

शिक्षण अफाट. पुस्तकं, वर्तमानपत्रं, पाककृती, जाहिराती, कोर्टाचे निकाल, लोकांची भांडणं, सगळं वाचून झालंय. त्यातून त्यांनी हेरलं काय, तर आलेल्या शब्दापुढे बहुतेक वेळा कोणता शब्द येतो. मग त्यांना माणसांची शिकवणी लागली. दोन उत्तरं समोर ठेवायची आणि त्यातलं बरं वाटेल त्याला माणसाने पसंती द्यायची, असं पुन्हापुन्हा, हजारो वेळा. अनोळखी माणसाला दोनांतलं कोणतं आवडणार? नीटनेटकं, नम्र, दोन्ही बाजू सांभाळणारं आणि कुणाला न दुखवणारं. त्या पसंतीतून सरासरे घडले. त्यामुळे मुंबईचा वडा चांगला की कर्जतचा, असं विचारलं की ते दोन्ही वड्यांची आपापली वैशिष्ट्यं सांगतात आणि निवड तुमच्या आवडीवर सोपवतात. कर्जतच्या फलाटावर हातात वडा धरून असं उत्तर देणारा माणूस अजून जन्मायचा आहे.

स्वभावाने गरीब, पण एका बाबतीत भलतेच दिमाखदार. लहान गोष्ट लहान ठेवणं त्यांच्या प्रकृतीला मानवत नाही. वडापाव त्यांच्या हाती द्या. 'वडापाव हा केवळ एक पदार्थ नसून ती एक भावना आहे.' पैठणी दाखवा, ती केवळ साडी नसते, विणलेला वारसा असतो. एसटी केवळ वाहन नसते, ग्रामीण महाराष्ट्राची जीवनवाहिनी असते. आता वडापाव हा पदार्थच आहे. लसणाची सुकी चटणी कमी पडली की गिऱ्हाईक गाडीवाल्यावर आवाज चढवतं, ते भावनेसाठी नव्हे. आमच्याकडे नवीन येणाऱ्या उपसंपादकाला पहिल्या दिवशी एवढंच सांगतो, की 'केवळ'वर पेन्सिल ठेवत जा. निम्मे सरासरे तिथेच सापडतात.

तीन हा त्यांचा लाडका आकडा. निसर्ग, संस्कृती आणि परंपरा. चव, शुद्धता आणि आपुलकी. खऱ्या गोष्टी दोनच असल्या तर तिसरी ते पदरची घालतात, आणि खऱ्या गोष्टी सात असल्या तर चार गाळतात. कोकणातल्या एका खानावळीची जाहिरात आमच्याकडे आली होती, तिच्यात हे त्रिकूट होतंच. मालकांना फोन करून विचारलं, "आपुलकी म्हणजे नेमकं देता काय?" ते जरा बावचळले. मग म्हणाले, "अहो, सोलकढी दुसऱ्यांदा मागितली तर पैसे घेत नाही मी." जाहिरातीत तेवढंच छापलं.

त्यांचं मराठी मात्र ऐकण्यासारखं असतं. व्याकरणात बोट ठेवायला जागा नाही, आणि तरी दोन वाक्यांत कळतं की हे गृहस्थ झोपेत इंग्रजीत बरळत असणार. 'माझे वडील एक शिक्षक होते.' त्यातला 'एक' कशासाठी? दोन शिक्षक असलेले वडील कुणी पाहिलेत? हळद त्यांच्याकडे प्रतिकारशक्ती वाढवत नाही, वाढवण्यास मदत करते. 'गॅस बंद केलाय ना बघ' असं आपण म्हणतो, ते 'गॅस बंद असल्याची खात्री करा' म्हणतात, म्हणजे घरात मीटर तपासणारा आल्यासारखं वाटतं. अनंत चतुर्दशीला आपल्याकडे गणपती जातात. रिकाम्या पाटाकडे बघून आई म्हणते, 'गेले बाई गणपती.' सरासऱ्यांकडे ते जात नाहीत. 'भक्तांद्वारे मूर्तींचे भक्तिभावाने विसर्जन केले जाते.'

इंग्रजीतल्या त्यांच्या खोडी तर मोजल्याही गेल्या आहेत. दिमित्री कोबाक या संशोधकाने आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २०१० ते २०२४ या काळातले दीड कोटीहून अधिक वैद्यकीय शोधनिबंधांचे गोषवारे चाळले. 'डेल्व्ह', म्हणजे खोलात शिरणं, हे एरवी कोपऱ्यात पडून असलेलं क्रियापद चॅटजीपीटी आल्यावर एकदम उसळलेलं दिसलं. त्याच्यासोबत आणखी बरेच भारदस्त शब्दही वर आले होते. २०२४ च्या गोषवाऱ्यांपैकी किमान १३.५ टक्क्यांवर यंत्राचा हात फिरला असावा, असा त्यांचा हिशेब निघाला. म्हणजे यकृतावर लिहिणारा आणि गुडघ्यावर लिहिणारा, दोघांचेही लेखनिक सरासरेच.

पोशाखाबद्दल बोलायचं तर आवड ठरलेली : जांभळा-निळा. कुठल्याही नव्या दुकानाची वेबसाइट त्यांच्याकडून करून घ्या. वर जांभळ्यातून निळ्यात विरघळणारा पट्टा, मधोमध मोठ्या अक्षरांत एखादं स्वप्नाळू वाक्य, खाली गोल कोपऱ्यांच्या तीन चौकटी आणि प्रत्येकीत एकेक चिन्ह. दुकान लोणच्याचं असो की पंपदुरुस्तीचं, त्यांना फरक पडत नाही. या जांभळ्याचं मूळ थोडंफार सापडलेलं आहे. वेबसाइट सजवायच्या टेलविंड या साधनाचा कर्ता अ‍ॅडम वॅथन याने ऑगस्ट २०२५ मध्ये जाहीर माफीच मागून टाकली. पाच वर्षांपूर्वी आपण टेलविंड यूआय या तयार नमुन्यांतलं प्रत्येक बटण इंडिगो रंगाचं केलं आणि त्यापायी जगभरची यंत्रनिर्मित पानं इंडिगो झाली, असं त्याचं गमतीचं म्हणणं होतं. एका माणसाला आवडलेला रंग हजारो जणांनी जसाच्या तसा ठेवला, ती सगळी पानं सरासऱ्यांनी वाचली आणि तोच सभ्य रंग अशी समजूत करून घेतली. चित्रांतही तेच. भिंतीवर घड्याळ काढायला सांगितलं तर ते पुष्कळदा दहा वाजून दहा मिनिटांचंच काढत आलेत, तुम्ही वेळ कोणतीही सांगा. घड्याळांच्या जाहिरातींत काटे तसेच ठेवतात, मधली कंपनीची खूण झाकू नये म्हणून. सरासऱ्यांनी आयुष्यात घड्याळ पाहिलं ते जाहिरातीतच.

हिंजवडीच्या कचेऱ्यांत ते शर्टाच्या बाह्या दुमडून कोड लिहितात. तिथेही बोलघेवडेपणा सुटत नाही. काउंटमध्ये एक मिळवणारी ओळ असेल तर तिच्या डोक्यावर टीप : 'इथे काउंटमध्ये एक मिळवला आहे.' जिथे चूक होणंच शक्य नाही तिथेही चुकीचा बंदोबस्त करून ठेवतात, आणि तो असा की खरी चूक झाली तर ती गुपचूप गिळली जाते; प्रोग्राम हसतमुखाने पुढे जातो आणि महिन्याने कुणाचा तरी पगार दोनदा जमा होतो. शिवाय नसलेल्या नातेवाइकांचे पत्ते देण्याची सवय आहे. १६ मॉडेलांकडून लिहून घेतलेले पावणेसहा लाख कोडचे नमुने काही संशोधकांनी तपासले, तर त्यांत सुचवलेल्या पॅकेजांपैकी, म्हणजे इतरांनी आधीच लिहून ठेवलेल्या कोडच्या गाठोड्यांपैकी, सुमारे २० टक्के अस्तित्वातच नव्हती. नाव इतकं पटण्यासारखं की कुणी विचारही करत नाही, आणि कुणा भामट्याने नेमकं त्या नावाचं पॅकेज विष घालून तयार ठेवलं की आपण स्वतःच दार उघडून त्याला घरात घेतो.

खोटं बोलण्याचा त्यांच्यावर आरोप करू नये, कारण खोट्याला खरं माहीत असावं लागतं. ते फक्त गप्प बसत नाहीत. २०२३ मध्ये न्यूयॉर्कच्या एका कोर्टात दोन वकिलांनी विमान कंपनीविरुद्धच्या दाव्यात सरासऱ्यांनी पुरवलेले पूर्वीच्या खटल्यांचे दाखले दिले. न्यायाधीशांनी शोधलं तर ते खटले कधी झालेच नव्हते. ५,००० डॉलरचा दंड वकिलांना आणि त्यांच्या फर्मला बसला. मे २०२५ मध्ये 'शिकागो सन-टाइम्स'च्या पुरवणीत उन्हाळी वाचनाची १५ पुस्तकांची यादी आली. लेखक सगळे खरे, पण १० पुस्तकं त्यांनी लिहिलेलीच नाहीत. दोन्ही वेळा अंगरखा इतका इस्त्रीचा होता की खिसे तपासायचं कुणाला सुचलं नाही.

एक दोष मात्र असा आहे की त्यामुळे त्यांच्याबद्दल मला माया वाटते. निघताना ते पायताण विसरतात. कराचीच्या 'डॉन'मध्ये नोव्हेंबर २०२५ मध्ये मोटारींच्या विक्रीची बातमी छापून आली. शेवटच्या परिच्छेदात सरासरे नम्रपणे विचारत होते, की आपली इच्छा असल्यास हीच बातमी पहिल्या पानाला शोभेल अशी अधिक चटपटीत करून देऊ का? ती विनंती तशीच छापली गेली आणि संपादकांना खुलासा करावा लागला. आपल्याकडे हे शोकसंदेशांत होतं. गेलेल्या माणसाबद्दल चार ओळी आणि खाली, 'हा संदेश अधिक भावपूर्ण हवा असल्यास कळवा.' वाचणारा रडावं की हसावं या पेचात पडतो आणि बहुधा अंगठ्याचं चिन्ह पाठवून मोकळा होतो.

पायताण घेऊन गेले तर पकडणार कसे? त्यासाठी यंत्रं निघाली आहेत. त्यांच्यावर विसंबू नका. खुद्द चॅटजीपीटीच्या ओपनएआय कंपनीने असं एक ओळखयंत्र जानेवारी २०२३ मध्ये काढलं. त्यांच्याच चाचणीत त्याने यंत्राचे २६ टक्के मजकूर ओळखले आणि माणसाचे ९ टक्के मजकूर यंत्राचे ठरवले. जुलैत ते गुंडाळलं. स्टॅनफर्डच्या संशोधकांनी त्याच वर्षी सात ओळखयंत्रांना परदेशी विद्यार्थ्यांचे टोफेल परीक्षेतले इंग्रजी निबंध दिले, तर सरासरी ६१ टक्के निबंध यंत्राचे ठरले. पोरांनी ते परीक्षेत स्वतः लिहिलेले होते. बिचाऱ्यांचं इंग्रजी बेताचं, शब्द मोजके, वाक्यं जपून टाकलेली, एवढाच गुन्हा.

या न्यायाने आपल्यातले निम्मे वक्ते तुरुंगात जातील. सरासऱ्यांचे आजोबा आपणच आहोत. 'आजच्या विज्ञानयुगात', 'कधीही भरून न येणारी पोकळी', 'सत्कारमूर्तींना वेगळ्या परिचयाची गरज नाही' ही त्यांची वडिलोपार्जित इस्टेट आहे, आणि ती आपल्या शाळांच्या निबंधांतून, व्यासपीठांवरून आणि पहिल्या स्मृतिदिनाच्या जाहिरातींतून त्यांच्याकडे गेली. एका निवृत्त मुख्याध्यापकांचा टाइप केलेला लेख आला तेव्हा आमच्या तरुण उपसंपादकाने पहिल्या पानावर ठळक अक्षरांत 'सरासरे' लिहून तो बाजूला ठेवला होता. पहिली दीड पानं खरोखर तशीच होती. ज्ञानमंदिर, संस्कारांची शिदोरी, काळाच्या ओघात, सगळं. आणि मग ओळ आली, की १९७२ च्या दुष्काळात शाळेत सुकडी मिळायची तेव्हा पोरं ती पाटीवर घ्यायची आणि खाऊन झाल्यावर पाटी चाटायची, त्यामुळे पाटीपुसणं आठवडाभर कुणाला लागत नसे. हे सरासऱ्यांच्या सात पिढ्यांना सुचणार नाही. ठेवणीतल्या शब्दांमागे कुणी राहत असेल तर केव्हा ना केव्हा कडी निघते. उपसंपादकाने 'सरासरे' खोडलं, दीड पानंही खोडली, आणि लेख पाटीपासून सुरू केला. मुख्याध्यापक रागावले. त्यांच्या मते मूल्यवान भाग तोच होता.

सरासऱ्यांना मजकुरातून काढायचं काम कसं चालतं ते एकदा जवळून बघा. मराठवाड्यातल्या एका तरुणाने आपल्या गावच्या बाजारावर लिहून पाठवलं : 'आठवडे बाजार हे केवळ खरेदी-विक्रीचे ठिकाण नसून तो ग्रामीण संस्कृतीचा आरसा आहे. येथे रंग, गंध आणि आवाज यांचा सुरेख संगम पाहायला मिळतो. शेतकरी, व्यापारी आणि ग्राहक यांना जोडणारा हा एक महत्त्वपूर्ण दुवा असून बदलत्या काळातही त्याने आपली ओळख जपली आहे.' 'केवळ' गेला, त्याच्यामागून आरसा गेला. 'सुरेख संगम' कुठल्याही बाजाराला, जत्रेला आणि लग्नाला लागू आहे, म्हणून गेला. 'महत्त्वपूर्ण दुवा' महत्त्व सांगतो, दुवा दाखवत नाही. 'ओळख जपली आहे' हे खरं की खोटं कळायला मार्ग नाही. पेन्सिल खाली ठेवली तेव्हा कागदावर 'आठवडे बाजार' एवढे दोन शब्द उरले होते.

इथे पुष्कळ जण फसतात. खुणा खरवडल्या की काम झालं, असं त्यांना वाटतं. 'केवळ' काढतात, तीनांची यादी दोनांवर आणतात, 'महत्त्वपूर्ण'चं 'महत्त्वाचं' करतात. मग सरासरे दाढी करून परत येतात, इतकंच. खालचं भोक तसंच राहतं.

आम्ही त्या तरुणाला फोन केला. बाजार कधी भरतो? "मंगळवारी." एवढंच? "नाही, बैलबाजार निराळा असतो, ओढ्याच्या पल्याड. तिथं अजून म्हातारे दलाल रुमालाखाली हात घालून बोटं दाबून भाव करतात. शेजारी उभ्या माणसाला पत्ता लागत नाही. पोरं आता मोबाइलच्या कॅल्क्युलेटरवर आकडा दाखवतात, पण तोही तळहातानं झाकून." आणि भाजी? "भाजीला सकाळी कोण जातंय! आमची आई पाचनंतर जाते. बाजार उठायला लागला की वांग्याचे वाटे निम्म्या पैशात. पण पावसाचं आभाळ असलं की दुपारीच जाते, कारण मग बायका लवकर वाटे लावतात." वीस मिनिटं तो थांबला नाही. मी म्हटलं, "अहो, मग हे का नाही लिहिलंत?" तो म्हणाला, "हे काय लिहायचं सर? हे तर सगळ्यांनाच माहीत असतं."

सरासरे नेमके याच फटीतून आत येतात. आळशी माणसाकडे ते जातातच, त्याची फार चिंता नको. लाजऱ्या माणसाकडे ते जातात हे वाईट. आपलं मंगळवारचं बोलणं छापण्यालायक नाही असं ज्याला शाळेपासून वाटत आलंय, त्याच्या खुर्चीमागे ते अदबीने उभे राहतात आणि म्हणतात, मी व्यवस्थित करून देतो.

अलीकडे ते वेषांतरही करू लागले आहेत. 'माणसासारखं लिहा' अशी फर्माईश झाली की 'खरं सांगू का?' अशी सलगी सुरू होते, वाक्यं मध्येच तोडली जातात, एकेका शब्दाचे परिच्छेद पडतात. आणि हमखास एक आजी अवतरते. ही आजी मला फार आवडते. ती कायम चुलीशी बसलेली, सुरकुतलेल्या हातांची, आणि तोंडातून फक्त सुविचार. तिला गाव नाही, नाव नाही, गुडघेदुखी नाही, सुनेशी वाकडं नाही. खऱ्या आज्या इतकं शहाणं आणि इतकं थोडं बोलत नाहीत. कुठल्याही आजीने संशय घ्यावा अशी ही आजी आहे.

त्यांना घरातून हाकलून द्या असं मी म्हणत नाही. बँकेला पाठवायचं पत्र, नावांची अकारविल्हे यादी, बैठकीच्या टिपणातली ऱ्हस्व-दीर्घं ही कामं ते बिनतक्रार आणि रात्री-अपरात्री करतात. कारकून म्हणून माणूस उत्तम आहे. लेखक म्हणून मात्र त्यांना मानधन देऊ नये, असा आमचा खोलीतला निकाल आहे.

तर आमच्या दिवाळी अंकासाठी काही पाठवणार असाल, तर बाजाराचा वार लिहा, दलालाचा रुमाल लिहा, आजीचं गाव आणि ती कुणावर डाफरायची तेही लिहा. हाताने लिहिलेलं चालेल, अक्षर कसंही असलं तरी चालेल. शुद्धलेखन आम्ही बघून घेऊ.